इंग्लंडच्या आकाशाचा पहारेकरी : लॉर्ड डाउडिंग

सेनापती म्हटला की तलवार उपसून घोड्यावर स्वार झालेला वीर आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु ज्याने आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठी लढाई एका भुयारी दालनात, मेजावर पसरलेल्या नकाशाकडे पाहत लढविली, आणि ती जिंकल्यावर महिना उलटण्यापूर्वीच ज्यास आपली जागा सोडावी लागली, अशा एका सेनापतीचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे येथे योजिले आहे. १९४० साली जर्मनीच्या विमानांनी इंग्लंडवर चाल केली, तेव्हा त्या बेटाच्या आकाशाचे रक्षण एअर चीफ मार्शल सर ह्यू डाउडिंग यांच्याकडे होते. चर्चिलसाहेबांचे नाव आपल्याकडे शाळकरी मुलासही ठाऊक असते. डाउडिंग यांचे नाव मात्र पुष्कळ सुशिक्षितांनीही ऐकलेले नसते.

त्यांचा जन्म २४ एप्रिल १८८२ रोजी स्कॉटलंडमधील मॉफट या गावी झाला. वडील शिक्षक असून त्यांनी स्वतःची शाळा काढली होती. शिक्षकाच्या मुलाने विद्येत चमकावे अशी जगाची अपेक्षा असते. परंतु विंचेस्टरच्या नामांकित विद्यालयात या मुलास ग्रीक भाषेने इतके गांजले की, तिच्यापासून सुटका व्हावी म्हणून त्याने सैन्याकडे जाणाऱ्या वर्गात नाव घातले. जन्मभर शिकविण्यात घालविलेल्या प्रस्तुत लेखकास या गोष्टीचे नवल वाटत नाही. एका विषयात मागे पडलेला मुलगा सर्वच विषयांत मंद असतो असे मानण्याची घाई आम्ही शिक्षक मंडळी नेहमीच करतो.

वूलिच येथील लष्करी विद्यालयातून बाहेर पडून १९०० साली ते तोफखान्यात अधिकारी झाले. जिब्राल्टर, सिलोन, हाँगकाँग असा प्रवास करीत ते हिंदुस्थानात आले व येथील डोंगरी तोफखान्यात त्यांनी काही वर्षे नोकरी केली. पुढे लढाऊ विमानांच्या दलाचे प्रमुखपद भूषविणारा हा गृहस्थ मुळात तोफांचा माणूस होता, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. मितभाषी व काटेकोर स्वभाव, कोणाची भीड धरावयाची नाही आणि कोणाची खुशामतही करावयाची नाही, यामुळे सोबत्यांनी त्यांना स्टफी असे टोपणनाव दिले. आपल्याकडे अशा माणसास घुम्या म्हणतात.

१९१३ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते ब्रुकलंड्स येथे विमान चालविण्यास शिकले. वडिलांस ही विद्या जिवावरची वाटे व त्यांचा तिला विरोध होता. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि डाउडिंग विमानदलात दाखल झाले. १९१५ साली विमानात बिनतारी यंत्र वापरण्याचे प्रयोग करणारे पथक त्यांच्या हाताखाली होते. सॉमच्या लढाईत १९१६ साली त्यांच्या पथकांची फार हानी झाली, तेव्हा थकलेल्या वैमानिकांस विसावा द्यावा असा त्यांनी आग्रह धरला. सेनापती ट्रेंचर्ड यांना तो दुबळेपणा वाटला व डाउडिंग यांची रवानगी मायदेशी झाली. युद्ध संपेपर्यंत त्यांना पुन्हा रणांगण दिसले नाही.

घरचे सुखही त्यांना अल्पकाळच लाभले. १९१८ साली त्यांनी विवाह केला. दोनच वर्षांत पत्नी निवर्तली व पदरी लहानगा डेरेक राहिला. त्यानंतरची तीस वर्षे त्यांनी विधुरावस्थेत काढली.

आता मुख्य विषयाकडे वळू. १९३० नंतर ते हवाई खात्याच्या मंडळात संशोधनाच्या विभागाचे प्रमुख झाले. बॉम्बफेकी विमान आले की ते थोपविता येत नाही, असे त्या काळी मोठमोठे मुत्सद्दी मानीत. शत्रूच्या विमानांची चाहूल घेण्यासाठी आवाज टिपणारे कर्णे व सिमेंटच्या अवाढव्य भिंती उभारण्यात येत. पण विमानांचा वेग वाढत गेला तसा आवाज कानी पडेपर्यंत शत्रू डोक्यावर येऊन ठेपे. अशा वेळी वॉटसन-वॉट व त्यांचे साहाय्यक विल्किन्स या शास्त्रज्ञांनी सुचविले की, बिनतारी लहरी आकाशात सोडल्यास विमानावर आपटून त्या परततील, आणि परतीस लागलेल्या वेळावरून विमानाचे अंतर काढता येईल. डाउडिंग यांनी कल्पनेचे स्वागत केले, परंतु सरकारी पैसा खर्च करण्यापूर्वी प्रत्यक्ष प्रयोग दाखवा, अशी अट घातली. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी डॅव्हेंट्री येथील नभोवाणी केंद्राच्या लहरींचा उपयोग करून हेफर्ड जातीच्या विमानाची चाहूल सुमारे आठ मैलांवरून लागली. तेव्हा कोठे थैलीचे तोंड उघडले. यालाच पुढे रडार हे नाव मिळाले.

१४ जुलै १९३६ रोजी लढाऊ विमानांचे स्वतंत्र दल, म्हणजे फायटर कमांड, स्थापन झाले आणि डाउडिंग त्याचे पहिले सरसेनापती नेमले गेले. लंडनच्या उत्तरेस स्टॅनमोर येथील बेंटली प्रायरी या जुन्या वाड्यात त्यांनी आपली कचेरी थाटली. रडारचा शोध काही त्यांनी लावला नव्हता, आणि रडार त्या वेळी जर्मनांपाशीही होते. त्यांची थोरवी निराळ्या गोष्टीत आहे. रडारने विमान दिसले, तरी ती बातमी योग्य माणसास योग्य क्षणी पोचली नाही, तर ती कुचकामी ठरते. फ्रान्सचा किनारा डोव्हरपासून अवघा एकवीस मैल. शत्रू तेवढे अंतर कापून येईपर्यंत आपले विमान वीस हजार फूट उंच चढले पाहिजे. घोटाळ्यास त्यात वावच नव्हता.

म्हणून त्यांनी बातमीचा मार्ग आखून दिला. किनाऱ्यावर रडारची ठाणी साखळीसारखी उभी राहिली; त्यांचे पोलादी मनोरे ३६० फूट उंच होते. ही ठाणी फक्त समुद्राकडे पाहत. शत्रू जमिनीवर आला की पुढचे काम निरीक्षक दलाच्या हजारो स्वयंसेवकांचे. दुर्बिणी घेऊन हे लोक उन्हापावसात टेकड्यांवर उभे असत. प्रत्येक ठाण्याची बातमी दूरध्वनीवरून बेंटली प्रायरीतील छाननीच्या खोलीत येई. एकाच टोळधाडीची बातमी तीन ठाण्यांनी दिली तर तिला तीन टोळ्या समजू नये, म्हणून तेथे बातम्यांची चाळणी होई. निवडलेली बातमी मोठ्या नकाशावर मांडली जाई. हे काम तरुण स्त्रिया करीत. हातातील लांब काठीने त्या शत्रूच्या सोंगट्या पुढे सरकवीत. भिंतीवरील घड्याळाचे पाच पाच मिनिटांचे भाग लाल, पिवळ्या व निळ्या रंगांनी रंगविलेले असत आणि त्या त्या पाच मिनिटांत मांडलेली खूण त्याच रंगाची असे. त्यामुळे कोणती बातमी ताजी व कोणती शिळी, हे अधिकाऱ्यास एका दृष्टिक्षेपात कळे. किती साधी युक्ती ही! तीच बातमी त्याच वेळी विभागांच्या व उपविभागांच्या कचेऱ्यांत जाई आणि तेथील अधिकारी बिनतारी यंत्रावरून वैमानिकांस शत्रूकडे वळवीत. विमाने आकाशात उगाच घिरट्या घालीत ठेवण्याची गरज उरली नाही. शत्रू येत असेल तेव्हाच, आणि तो येत असेल तिकडेच, ती उडत. पेट्रोल वाचले, यंत्रे वाचली आणि माणसांची शक्ती वाचली.

तोफांचे दलही या व्यवस्थेबाहेर राहिले नाही. विमानविरोधी तोफा व सर्चलाइट ही भूसेनेची. त्यांचे सेनापती जनरल सर फ्रेडरिक पाईल. पोलादी दोरांनी बांधलेल्या प्रचंड फुग्यांचे दल वेगळे. लढाईपुरती ही सारी दले डाउडिंग यांच्या आज्ञेत होती. पाईल यांची कचेरीही स्टॅनमोरलाच असल्याने दोघांच्या रोज भेटी होत. भूसेना व विमानदल यांचे वैर सर्व देशांत प्रसिद्ध आहे. पण या दोघांचे चांगले जमले. एक तर डाउडिंग स्वतः जुने तोफची. दुसरे म्हणजे, आपली विमाने कोठे आहेत हे नकाशावर दिसत असल्यामुळे तोफांनी केव्हा बोलावे व केव्हा मौन धरावे हे एकाच ठिकाणाहून ठरविता येई.

१९४० च्या मे महिन्यात फ्रान्स कोसळू लागला. तेथील सरकार आणखी विमाने मागत होते आणि इंग्लंडचे मंत्री ती देण्याकडे झुकत होते. १५ मे रोजी डाउडिंग मंत्रिमंडळापुढे उभे राहिले व त्यांनी नकार दिला. दुसऱ्या दिवशी हवाई खात्यास पत्र लिहून त्यांनी हिशेबच मांडला : बेटाच्या रक्षणास ५२ पथके लागतील असे ठरले होते, आता ३६ च उरली आहेत, किती राखावयाची ते लेखी कळवावे, कारण पुरेसे बळ घरी राहिले तर फ्रान्स पडला तरी इंग्लंड लढत राहील, आणि तेच बळ तिकडे उधळले तर शेवटचा पराभव अटळ आहे. संकटात सापडलेल्या मित्रास नाही म्हणणे सोपे नव्हे, आणि चर्चिलसाहेबांस नाही म्हणणे त्याहून कठीण. त्यानंतरही काही पथके फ्रान्सला गेली, तथापि दलाचा गाभा शाबूत राहिला.

जुलैपासून ऑक्टोबर अखेरपर्यंत चाललेल्या या लढाईचे सर्व प्रसंग येथे सांगणे शक्य नाही. १२ ऑगस्ट रोजी जर्मनांनी रडारच्या ठाण्यांवर बॉम्ब टाकले. डोव्हर, राय व पेव्हेन्सी येथील ठाणी काही तासांत पुन्हा चालू झाली. वाईट बेटावरील व्हेंटनरचे ठाणे मात्र काही दिवस बंद राहिले. मनोऱ्यांवर मारा करून उपयोग नाही असे गोअरिंग यांस वाटू लागले आणि त्यांनी तो जवळजवळ सोडून दिला. इंग्लंडच्या सुदैवाची गोष्ट! थकलेली पथके उत्तरेकडे विसाव्यास धाडून तेथली ताजी पथके डाउडिंग पुढे आणीत. १९१६ साली ज्या मतापायी त्यांना घरी बसावे लागले होते, तेच मत त्यांनी आता अमलात आणले. सुमारे २,९०० वैमानिक व विमानसैनिक या लढाईत लढले. त्यांतील पाचशेहून अधिक जण ठार झाले. लढणाऱ्यांत ७४ व्या पथकातील डेरेकही होता. नकाशावरील सोंगट्यांकडे पाहताना बापाच्या मनात काय येत असेल? तो सुखरूप राहिला.

७ सप्टेंबरपासून लंडनवर रात्रीचे हल्ले सुरू झाले आणि व्यवस्थेतील उणीव उघडी पडली. अंधारात निरीक्षकाचे डोळे निरुपयोगी आणि वैमानिकाचेही. पाईल यांनी दोन दिवसांत देशभरातून तोफा आणून लंडनभोवतालची संख्या दुपटीहून अधिक केली व ११ सप्टेंबरच्या रात्री नेमाची वाट न पाहता मुक्त भडिमार करविला. विमाने फारशी पडली नाहीत, पण तळघरांत बसलेल्या नागरिकांस धीर आला. तोफांजवळील रडार अंतर सांगे, उंची मात्र सांगत नसे. त्यास उंची मोजणारी जोड बसविण्यात आली; परंतु उंचसखल जमिनीमुळे लहरी फसवीत, म्हणून यंत्राभोवती तारेच्या जाळीची विस्तीर्ण चटई ताणावी लागली. ही जाळी म्हणजे खुराड्यास लावतात तीच; ती इतकी लागली की देशात तिचा तुटवडा पडला! पाईल यांच्या साहाय्यास आलेल्या शास्त्रज्ञांत पॅट्रिक ब्लॅकेट हे होते. स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरूंनी संरक्षणविषयक शास्त्रीय सल्ल्यासाठी बोलाविले ते हेच.

रात्री लढावयाचे तर विमानातच रडार हवे, असे डाउडिंग यांचे मत होते. आणि ते सिद्ध होईपर्यंत दिखाऊ उपायांवर विमाने खर्ची घालण्यास ते तयार नव्हते. वरिष्ठांस तेवढा धीर नव्हता. दिवसाच्या लढाईत विमानांचे मोठे जथे का उडविले नाहीत, असाही वाद त्यांच्याच हाताखालच्या एका सेनापतीने माजविला होता, आणि तो मिटविण्यात डाउडिंग कमी पडले हेही खरे. १४ नोव्हेंबरला कॉव्हेंट्री शहर बेचिराख झाले. १९ नोव्हेंबरच्या रात्री ब्यूफायटर विमानाने आपल्या रडारच्या साहाय्याने शत्रूचे पहिले विमान पाडले; परंतु २५ नोव्हेंबर रोजी डाउडिंग यांनी सूत्रे शोल्टो डग्लस यांच्या हाती दिली. त्यांची निवृत्ती पूर्वीपासूनच पुन्हा पुन्हा ठरे व लांबणीवर पडे, हे खरे. तरीही ही वेळ कठोर होती. पाईल यांना मात्र युद्ध संपेपर्यंत त्याच जागी राहता आले. १९४१ साली हवाई खात्याने या लढाईवर पुस्तिका काढली, तीत डाउडिंग यांचे नावही नव्हते. ते वाचून चर्चिलसाहेबांसही संताप आला.

१९४२ साली ते निवृत्त झाले व १९४३ साली लॉर्ड झाले. विमानदलातील सर्वोच्च हुद्दा त्यांना कधीच मिळाला नाही. पुढील आयुष्यात त्यांनी परलोकविद्येवर ग्रंथ लिहिले. मेलेले वैमानिक आपल्याशी बोलतात अशी त्यांची श्रद्धा होती. तिची पुष्कळांनी चेष्टा केली. ते शाकाहारी झाले, पुनर्जन्म मानू लागले, आणि लॉर्डांच्या सभेत त्यांनी मुक्या जनावरांची बाजू मांडली. १९५१ साली त्यांनी म्युरिएल या विदुषीशी विवाह केला. प्राण्यांस न छळता बनविलेल्या वस्तू वापराव्यात, यासाठी या बाईंनी १९५९ साली ब्यूटी विदाउट क्रुएल्टी ही संस्था काढली. तिची भारतीय शाखा १९७४ साली निघाली व तिचे कार्य आपल्या पुण्यातून चालले.

१५ फेब्रुवारी १९७० रोजी, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षात, डाउडिंग यांचे देहावसान झाले. त्यांचा रक्षाकलश लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत, त्या लढाईच्या स्मरणार्थ बसविलेल्या रंगीत काचांच्या खिडकीखाली ठेवला आहे. लंडनमध्ये विमानदलाच्या सेंट क्लेमेंट डेन्स या चर्चबाहेर त्यांचा पुतळा उभा राहिला तो १९८८ साली.