परचुरेशास्त्री : छायाचित्रामागचे आयुष्य

सेवाग्रामचे एक छायाचित्र आपण सर्वांनीच केव्हा ना केव्हा पाहिलेले असते. गांधीजी एका कुष्ठरुग्णाची शुश्रूषा करीत आहेत. तो रुग्ण म्हणजे संस्कृतचे पंडित दत्तात्रय परचुरेशास्त्री, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

स्वातंत्र्याच्या चळवळीत शास्त्रीबुवांना तुरुंगवास घडला. 1932 मध्ये ते येरवड्याला, कुष्ठरुग्णांच्या वेगळ्या विभागात होते. गांधीजी त्याच तुरुंगात. पण भेटीची परवानगी मिळाली नाही. पत्रांवरच भागवावे लागले. 26 सप्टेंबरला गांधीजींचे उपोषण सुटले, तेव्हा मात्र शास्त्रीबुवांनी तेथे उपनिषदांतील मंत्र म्हटले.

तो काळ 1898 च्या कायद्याचा. निराधार कुष्ठरुग्णाला वॉरंटाशिवाय पकडता येई. सरकारी कागदावर रोगाचे नाव पडले की माणूस समाजातून उठलाच! हा कायदा 2016 मध्ये रद्द झाला.

1939 मध्ये शास्त्रीबुवा सेवाग्रामला आले. त्यांना ठेवून घ्यावे की नाही, हा प्रश्न गांधीजींनी आश्रमवासीयांपुढे उघडपणे मांडला. ज्यांना त्यांच्यासोबत राहायचे होते, त्यांना हे कळायलाच हवे होते. मग त्यांच्यासाठी स्वतंत्र कुटी उभी राहिली. गांधीजी स्वतः त्यांना मालीश करीत. शास्त्रीबुवा संस्कृत शिकवीत. माझ्या मते शुश्रूषेइतकेच महत्त्व या शिकवण्याला आहे, पण त्याचे छायाचित्र कोणाच्या भिंतीवर दिसत नाही.

आज आपल्या नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याचा एखादा विद्यार्थी अपंगत्वाच्या दाखल्यावर परीक्षेसाठी लेखनिक मागतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठरोगातून बरे झालेल्यांचाही समावेश आहे. अशा सवलती किती जणांना दिल्या, कोणत्या नियमाने दिल्या, हे लोकांना विचारता आलेच पाहिजे. खोट्या दाखल्यांचा संशय 2024 मध्ये महाराष्ट्रात चांगलाच गाजला होता. दाखला खरा की खोटा हे अधिकाऱ्यांनी खुशाल तपासावे. पण म्हणून त्या मुलाचा आजार सूचनाफलकावर कशाला? 2005 च्या माहिती अधिकार कायद्यानेही खाजगी माहितीला आडोसा ठेवलेला आहे. लेखनिकाला उत्तरे लिहून घ्यायची असतात. आजाराचे नाव त्याला कशाला हवे?

शास्त्रीबुवांच्या बाबतीत आश्रमापुरती असलेली गोष्ट छायाचित्रामुळे जगाला कळली. त्यातून कुष्ठरोगाची भीती थोडी ओसरली असेल, हे नाकारता येत नाही. पण त्यांचा रोग तेवढा सर्वांच्या लक्षात राहिला. मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांसाठी संस्था काढली होती. तेथेच 1945 मध्ये शास्त्रीबुवांचे निधन झाले.