विल्यम पॅटरसन : एका सफरीचे अंदाजपत्रक

बँकिंगच्या पाठ्यपुस्तकात विल्यम पॅटरसन हे नाव एका ओळीत येते आणि त्याच ओळीत संपते. बँक ऑफ इंग्लंडची स्थापना १६९४ साली झाली. तिची योजना पॅटरसन या स्कॉटिश व्यापाऱ्याची होती. पुढच्या ओळीपासून मध्यवर्ती बँकेची कार्ये सुरू. परीक्षेला तेवढे पुरते, म्हणून मीही तेवढेच पाठ केले होते. हाच माणूस बँक काढल्यावर अवघ्या चार वर्षांनी जहाजात बसून मध्य अमेरिकेतल्या पनामाच्या जंगलात गेला, तिथे बायको-मूल गमावून बसला आणि त्या सफरीत एका अख्ख्या देशाची पुंजी बुडाली, हे मला ग्रंथालयातल्या एका जुन्या इंग्रजी चरित्रकोशात अचानक सापडले. त्या दिवसांत मी स्वतः एका सहलीच्या हिशेबात चांगलीच अडकले होते. त्यामुळे ही हकीकत मनातून जाईना. माझ्या सहलीचे पुढे सांगते, आधी पॅटरसन.

त्याचा जन्म १६५८ सालचा, दक्षिण स्कॉटलंडमधील डम्फ्रीजजवळच्या टिनवॉल्ड गावी, शेतकरी घरात. तरुणपणीच तो घर सोडून ब्रिस्टलला आणि तेथून वेस्ट इंडीज बेटांवर गेला. तिथे त्याने काय केले याविषयी नाना कथा आहेत. कोणी त्याला धर्मप्रचारक म्हणतात, कोणी समुद्रचाच्यांचा सोबती! खरे काहीही असो, तिथल्या खलाशांकडून त्याने पनामाच्या संयोगभूमीचे वर्णन ऐकले आणि ते त्याच्या डोक्यात कायमचे बसले.

कल्पना अशी : पनामात अटलांटिक आणि पॅसिफिक हे दोन महासागर एकमेकांपासून काही मैलांवर आहेत. चीन-जपानकडे जाणाऱ्या जहाजांना मात्र आफ्रिकेच्या किंवा दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालावा लागे. मग या चिंचोळ्या भूमीवर दोन्ही किनाऱ्यांना एकेक बंदर वसवले, मधून माल खुष्कीने नेला, आणि कोणत्याही देशाच्या व्यापाऱ्याला माफक जकात घेऊन मोकळीक दिली तर? प्रवासाचा वेळ आणि खर्च दोन्ही निम्म्यावर येतील, आणि ज्याच्या हाती ते बंदर त्याच्या हाती जगाचा व्यापार. कल्पना वेडगळ नव्हती. १९१४ साली पनामा कालवा सुरू झाला तो याच हिशेबावर. जागा आणि काळ तेवढे निराळे.

ही योजना घेऊन पॅटरसन युरोपात दारोदार फिरला. इंग्लंड, हॉलंड, ब्रॅंडेनबर्ग, कुठेही थारा मिळाला नाही. मग त्याने लंडनमध्ये व्यापार करून पैसा मिळवला आणि दुसरीच योजना मांडली. फ्रान्सशी चाललेल्या युद्धामुळे सरकारची तिजोरी रिकामी होती. लोकांनी वर्गणीने १२ लाख पौंड जमवून सरकारला दरसाल ८ टक्क्यांनी कर्ज द्यावे, वर व्यवस्थापनखर्चाचे ४,००० पौंड घ्यावेत, आणि या वर्गणीदारांचीच एक बँक व्हावी. म्हणजे सरकारने वर्षाला १ लाख पौंड द्यायचे. मुद्दल परत मागण्याची घाई नाही. हीच बँक ऑफ इंग्लंड. पॅटरसन तिच्या पहिल्या संचालकांपैकी एक होता. पण सहकाऱ्यांशी त्याचे पटेना, आणि १६९५ मध्ये तो बाहेर पडला.

त्याच वर्षी स्कॉटलंडच्या पार्लमेंटने आफ्रिका व पूर्वेकडील देशांशी व्यापार करण्यासाठी एक कंपनी स्थापन करण्याचा कायदा केला. त्यावेळी इंग्लंड-स्कॉटलंडचा राजा एक असला तरी पार्लमेंटे दोन होती, आणि इंग्लंडच्या वसाहतींत स्कॉटिश व्यापाऱ्यांना मज्जाव होता. भांडवल ठरले ६ लाख पौंड. त्यातले निम्मे लंडनमध्ये उभारायचे. ते ३ लाख पाहता पाहता जमलेही! तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीने, होय, तीच आपल्या इतिहासाच्या पुस्तकातली, आपल्या मक्तेदारीला धक्का बसतो म्हणून ओरड केली. इंग्लिश पार्लमेंटने डोळे वटारले, आणि लंडनच्या भागधारकांनी नावे मागे घेतली. हॅम्बुर्गला प्रयत्न झाला, तिथेही इंग्लंडच्या वकिलाने मोडता घातला.

इथेच स्कॉटलंड इरेला पेटला. २६ फेब्रुवारी १६९६ रोजी एडिंबरोत वर्गणीची वही उघडली, आणि सरदार, वकील, डॉक्टर, विधवा, नगरपालिका अशा सुमारे १,४०० जणांनी मिळून ऑगस्टपर्यंत ४ लाख पौंडांचा आकडा पुरा केला. दहा लाखांच्या आसपास वस्तीचा गरीब देश! देशातल्या खेळत्या पैशाचा चौथा हिस्सा ते निम्मा भाग यात गुंतला, असा अंदाज इतिहासकार देतात. पण कॉमर्सच्या विद्यार्थ्याने इथे थांबायला हवे. ४ लाख हे विक्री झालेले भांडवल. वसूल भांडवल नव्हे. पहिली मागणी चौथाईची होती, आणि शेवटपर्यंत हाती आले ते सुमारे १ लाख ५३ हजार. सफरीचा बेत मात्र सगळे ४ लाखांच्या डोळ्यांनी आखत होते.

बेत आता पॅटरसनच्या पनामाचाच ठरला होता. जागा नक्की झाली डॅरिएनच्या किनाऱ्याची. मुख्य आधार म्हणजे लायोनेल वेफर हा शस्त्रवैद्य. चाच्यांच्या टोळीबरोबर हिंडताना तो १६८१ मध्ये जखमी होऊन डॅरिएनच्या कुना लोकांत काही महिने राहिला होता. कंपनीने त्याला गुपचूप बोलावून माहिती काढून घेतली. पॅटरसन स्वतः डॅरिएनला पूर्वी गेला होता याला पुरावा नाही. न पाहिलेल्या गावचे अंदाजपत्रक!

आणि याच सुमारास त्याच्यावर मोठे बालंट आले. परदेशात माल खरेदीसाठी कंपनीने त्याच्या स्वाधीन मोठी रक्कम केली होती. तिचा काही भाग त्याने स्मिथ नावाच्या लंडनच्या सहकाऱ्याकडे सोपवला, आणि त्या गृहस्थाने हजारो पौंड गिळंकृत केले. चौकशीत पॅटरसनची नियत साफ ठरली, पण त्याचे अधिकारपद गेले. ज्याची ही योजना, तो १६९८ मध्ये साधा स्वयंसेवक म्हणून, पत्नी हॅना हिला बरोबर घेऊन निघाला.

हॅम्बुर्ग, अॅमस्टरडॅमकडून घेतलेल्या जहाजांसह पाच जहाजांचा ताफा जुलैमध्ये लीथ बंदरातून सुटला. माणसे सुमारे १,२००. मालाची यादी वाचून हसावे की रडावे कळत नाही. जाड लोकरी कापड, केसांचे टोप, कंगवे, आरसे, जोडे, बायबलच्या प्रती. विषुववृत्तापासून नऊ अंशांवरच्या दमट जंगलात लोकरी कापड कोण घेणार, हा प्रश्न कोणाला पडला नसावा. स्कॉटलंडमध्ये जे पिकते-विणते ते त्यांनी भरले. गिऱ्हाईक पाहून माल भरला नाही. अन्नधान्याचे तर विचारू नका. १६९५ पासून तिकडे पिके बुडत होती, धान्य महाग होते, आणि भरलेला साठा कागदावर बऱ्याच महिन्यांचा दिसत होता. निघण्यापूर्वी हा साठा एकदा मोजून घ्यावा, असे पॅटरसनने सुचवले. कप्तानांनी ऐकले नाही. पद गेलेल्या माणसाचे कोण ऐकतो! जहाजे निघाल्यावर काही दिवसांतच मोजदाद झाली, आणि साठा कागदापेक्षा पुष्कळच कमी भरला. तेथूनच शिधा कापावा लागला.

आता माझी सहल. आमच्या वाणिज्य मंडळाची दोन दिवसांची सहल बदामी-पट्टदकल्लला जायची होती आणि मी खजिनदार होते. बसभाडे, मुक्काम, किराणा, किरकोळ, आणि वर दहा टक्के आकस्मिक खर्च. अंदाजपत्रक मी असे काही मांडले की सरांनी वर्गात दाखवले. दुकानदाराने यादीवर खुणा केल्या, पोती बसच्या टपावर चढली. मी शहापुरातल्या किराणा दुकानदाराची मुलगी. वजन करून घ्यावे हे मला सुचायला हवे होते. दुसऱ्या दिवशी दुपारी बेचाळीस जणांत तांदूळ पुरला नाही, आणि सरांनी पदरचे पैसे घालून गावातून आणवला. या अंकाच्या कानडी विभागाचे काम पाहणारी माझी मैत्रीण मला चिडवते की मराठीतला 'लेखा' आणि कानडीतला 'लेक्क' एकच, पण तुमचा लेखा नुसता लिहिण्याचा! आमचे एका जेवणावर निभावले. त्यांचे तसे नव्हते.

नोव्हेंबर १६९८ च्या सुरुवातीला ताफा डॅरिएनला पोहोचला. प्रदेशाला नाव दिले न्यू कॅलेडोनिया, वसाहतीला न्यू एडिंबरो, किल्ल्याला सेंट अँड्र्यू. बंदर दिसायला सुरेख, पण वारा असा की आत आलेले जहाज अनेक दिवस बाहेर निघू शकत नसे. कुना लोकांनी चांगले स्वागत केले; स्पॅनिश लोकांचे वैरी ते आपले मित्र, असे त्यांचे धोरण होते. मात्र कंगव्या-आरशांत त्यांना रस नव्हता. पावसाळा अजून सरला नव्हता. ताप आणि हगवण सुरू झाली. उतरल्यावर पंधरवड्याच्या आत हॅना पॅटरसन वारली. मूलही गेले.

तो ताप कशाने येतो हे त्यावेळी जगात कोणालाच ठाऊक नव्हते. वाईट हवेने येतो असा समज होता. हिवतापाचा आणि डासाचा संबंध रोनाल्ड रॉस यांनी आपल्या सिकंदराबादेत शोधला तो १८९७ साली, म्हणजे दोनशे वर्षांनी. तेव्हा तापासाठी मी पॅटरसनला दोष देत नाही. आकस्मिक खर्चाच्या सदरात हे कोणालाच धरता आले नसते.

कारभाराची मात्र गोष्ट वेगळी. कंपनीने सात जणांचे मंडळ नेमले होते आणि अध्यक्ष दर आठवड्याला बदलायचा! पॅटरसनला वाटेतच मंडळावर घेतले गेले. हा मुदतीचा पोरखेळ बंद करा म्हणून त्याने सांगून पाहिले. तेही कोणी मानले नाही. पत्नीला मूठमाती देऊन तो कामाला लागला होता, एवढे त्या काळच्या नोंदींवरून दिसते. मार्च-एप्रिलपासून दिवसाला दहा-दहा माणसे मरू लागली. त्यातच इंग्लंडच्या राजाला स्पेनची मैत्री हवी असल्याने जमैकासारख्या इंग्लिश वसाहतींत जाहीरनामे लागले की या लोकांशी कोणी व्यवहार करू नये, अन्न देऊ नये. हातात माल होता, पण विकायला बाजार नव्हता. स्पॅनिश हल्ल्याची आवई उठली आणि जून १६९९ मध्ये सर्वांनी जहाजे गाठली. जाऊ नये असे म्हणणारा पॅटरसन जवळजवळ एकटा होता. तापाने फणफणलेला असताना त्याला युनिकॉर्न जहाजावर चढवले गेले. बाराशेंपैकी जेमतेम तीनशे वाचले.

यापुढचा भाग मला सर्वांत वाईट वाटला. त्यावेळी तार नव्हती, फोन नव्हता. वसाहत सुखरूप वसल्याची पहिली बातमी एडिंबरोला पोहोचली होती आणि तिथे आनंदीआनंद झाला होता. ती सोडून दिल्याची अफवा आली तेव्हा संचालकांनी ती खोटी मानली, आणि सप्टेंबरात सुमारे १,३०० माणसांचा दुसरा ताफा रवाना केला. तो ३० नोव्हेंबरला डॅरिएनला पोहोचला, तर तिथे जळक्या झोपड्या आणि थडगी! पॅटरसन स्कॉटलंडला पोहोचला तो डिसेंबरात. सांगणारा आला, पण ऐकणारे निघून गेले होते. स्पॅनिश सैन्याने वेढा दिला आणि मार्च १७०० अखेर दुसऱ्या वसाहतीनेही शरणागती पत्करली. दोन्ही ताफ्यांत मिळून दोन हजारांच्या आसपास माणसे मेली.

लोकांनी पॅटरसनला शिव्या दिल्या नाहीत, हे आश्चर्य. राग वळला तो इंग्लंडकडे. पॅटरसनने मात्र १७०१ मध्ये पुन्हा डॅरिएनचाच प्रस्ताव लिहून राजाकडे पाठवला! त्याची जिद्द म्हणावी की हट्ट, माझे अजून ठरलेले नाही.

१७०७ साली इंग्लंड आणि स्कॉटलंड एक झाले. पॅटरसन या जोडणीच्या बाजूने होता. आम्हा सीमाभागातल्या मुलांना राज्यांच्या जोडणी-तोडणीची बोलणी लहानपणापासून कानावर पडतात, पण तो विषय इथला नव्हे. इथला विषय एवढाच की, जोडणीच्या करारात इंग्लंडने स्कॉटलंडला ३,९८,०८५ पौंड १० शिलिंग द्यायचे ठरले आणि ते आकडे बसवण्याच्या कामात पॅटरसन होता. त्यातले सुमारे २ लाख ३२ हजार डॅरिएनच्या भागधारकांना मुद्दल आणि ५ टक्के व्याज म्हणून मिळायचे होते. मोडलेल्या कंपनीने भागधारकांना व्याजासकट पैसे परत दिल्याचे उदाहरण आमच्या अभ्यासक्रमात दुसरे नाही. जे परत आले नाहीत त्यांच्यासाठी त्यात रकाना नव्हता.

पॅटरसनच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा पार्लमेंटमध्ये बरीच वर्षे रेंगाळला. १७१५ मध्ये त्याला १८ हजारांवर पौंड मंजूर झाले, आणि जानेवारी १७१९ मध्ये तो लंडनला वारला. पनामाच्या नकाशात त्या जागेला स्पॅनिश भाषेत पुएर्तो एस्कोसेस, म्हणजे स्कॉट लोकांचे बंदर, असे नाव आढळते. किनाऱ्यावर कुना लोक आजही राहतात, आणि किल्ल्यासाठी प्रवाळाचा खडक फोडून खणलेला खंदक अजून तिथे आहे.