मिठाच्या खात्यातला किडेवाला साहेब

आमच्या रत्नागिरीत गावाबाहेर पडलं की सडा लागतो. जांभ्या दगडाचं उघडं, काळपट माळरान. उन्हाळ्यात तिथे पाय ठेववत नाही. एरवी बघावं तर वाळकं गवत, करवंदीच्या जाळ्या आणि दूरवर एखादं वडाचं झाड. सातबाऱ्यावर त्याची नोंद काय, तर पोटखराबा! पण मैत्रिणींनो, मृगाच्या दोन-चार सरी पडू द्या आणि मग सकाळी तिथे चक्कर मारा. कातळाच्या खळग्यांत पाणी साचलेलं, त्या पाण्यावर तुरुतुरु धावणारे किडे. मखमलीसारखा लालभडक मृगाचा किडा. त्याचे पाय मोजलेत तर आठ भरतात, म्हणजे तो किडा नव्हेच, कोळ्यांच्या नात्यातला. गवतात सशाच्या गोल लेंड्या, कुठे साळिंदराचा गळलेला काटा, आणि नशीब असेल तर आडवं जाणारं मुंगूस. पुढे श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवं फुलतात आणि सगळा सडा जांभळानिळा होतो. ही एवढीशी नाजूक वनस्पती पाण्यातले बारीक जीव पकडून खाते हे ऐकल्यावर आमच्या फिरायला येणाऱ्या एका काकूंनी दोन दिवस त्या फुलांकडे बघितलं नव्हतं!

हे सगळं बघत बसायचं वेड माणसाला जुनंच आहे. राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती कातळात कोरून ठेवलाय, आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी जनावरं. कोरणाऱ्याचं नाव आपल्याला कळायचं नाही. पण दीडशे वर्षांपूर्वी हेच वेड लागलेला एक माणूस आपल्या भागात सरकारी नोकरी करत होता. त्याचं नाव ठाऊक आहे आणि त्याची पुस्तकं आजही वाचायला मिळतात. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. पुस्तकांवर तो फक्त ई. एच. ए. एवढीच अक्षरं घालायचा, आणि त्या तीन अक्षरांनीच तो जगाला माहीत झाला.

साहेब म्हटलं की बोटीतून उतरलेला, उन्हाला कावलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. एटकेन तसे नव्हते. त्यांचा जन्म १६ ऑगस्ट १८५१ रोजी आपल्या साताऱ्यात झाला. वडील स्कॉटलंडचे मिशनरी. त्या काळी गोऱ्यांची मुलं सहा-सात वर्षांची झाली की शिक्षणासाठी विलायतेला पाठवून देत आणि आया इथे रडत बसत. हा मुलगा मात्र इथेच राहिला. वडिलांनी शिकवलं, पुढचं शिक्षण मुंबई-पुण्यात झालं, मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांत तो पहिला आला. १८७० ते १८७६ अशी सहा वर्षं ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवत होते. रत्नागिरीत जन्मलेले आपले टिळक त्या सुमारास त्याच कॉलेजात विद्यार्थी होते. मायदेश म्हणतात तो स्कॉटलंड एटकेन यांनी पाहिला तो चांगलं मोठं झाल्यावरच.

१८७६ च्या एप्रिलमध्ये ते मुंबई इलाख्याच्या जकात आणि मीठ खात्यात लागले. इथे जरा थांबायला हवं. मीठ खातं म्हणजे काही भाविकपणे मीठ विकणारं खातं नव्हे. मिठावर सरकारचा कर होता. समुद्र दाराशी असूनही खाजणातलं मीठ आपल्यापुरतं खरवडून आणायची बाईला चोरी होती. ते चोरून कुणी आणू नये म्हणून जागोजाग नाकी आणि नाक्यांवर शिपाई. त्या शिपायांवरचे अधिकारी ते एटकेनसाहेब. याच कायद्याविरुद्ध १९३० साली शिरोड्याला, तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातच, सत्याग्रह झाला. तेव्हा एटकेन यांना जाऊन एकवीस वर्षं झाली होती. साहेबांच्या गोड पुस्तकांच्या भरात ही गोष्ट विसरायला नको, असं मला आपलं वाटतं.

नोकरी फिरतीची. कच्छच्या रणाच्या काठचं खाराघोडा, मग उरण, कारवारकडचा मुलूख आणि गोव्याची सरहद्द, आपली रत्नागिरी, मुंबई. खाराघोड्याला काय असणार? धूळ, खारट वारा, मिठाचे ढीग. अशा ठिकाणी माणूस एक तर पत्ते कुटतो नाही तर बाटली जवळ करतो. एटकेन बंगल्याच्या व्हरांड्यात बसून उंदीर, डास, पाली, मुंग्या, कावळे, वटवाघळं, कोळी बघत बसले. त्यातून त्यांचं पहिलं पुस्तक झालं, १८८३ साली. नाव ‘ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’, म्हणजे माझ्या सरहद्दीवरच्या टोळ्या. इंग्रजांना तेव्हा वायव्य सरहद्दीवरच्या पठाण टोळ्यांची सारखी धास्ती असे, वर्तमानपत्रांत त्याच बातम्या. ह्यांची सरहद्द म्हणजे बंगल्याचं कुंपण! आणि टोळ्या म्हणजे साखरेच्या डब्यावर चाल करून येणाऱ्या मुंग्या. पुस्तक हातोहात खपलं.

ते १८८३ साल त्यांच्या आयुष्यात फारच भरगच्च गेलं. त्याच वर्षी लग्न झालं, आणि त्याच वर्षी १५ सप्टेंबरला मुंबईत भायखळ्याच्या म्युझियममध्ये, ज्याला आपण आता भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतो तिथे, आठ हौशी माणसं जमली आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. आठांत एटकेन होते, आणि दोन मराठी डॉक्टर होते. एक प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, वनस्पतींचे मोठे जाणकार. हे सखाराम अर्जुन म्हणजे आपल्या डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील! न समजत्या वयात झालेलं लग्न नाकारून कोर्टात उभी राहिलेली, पुढे डॉक्टर झालेली रखमाबाई ज्या घरात वाढली, त्या घरात झाडापानांचा असा अभ्यास चालत होता. संस्थेला सुरुवातीला धड जागाही नव्हती. १८८४ मध्ये फिप्सन नावाच्या दारूच्या व्यापाऱ्याने आपल्या दुकानात एक खोली दिली आणि बाटल्यांच्या शेजारी कवट्या, कातडी, फुलपाखरांच्या पेट्या जमू लागल्या. १८८६ पासून सोसायटीचं नियतकालिक निघालं, त्याच्या पहिल्या दोन संपादकांपैकी एक एटकेन. ते नियतकालिक आजही चालू आहे.

मला स्वतःला एटकेन सर्वांत आवडतात ते कारवारच्या दिवसांतले. तिथे जेम्स डेव्हिडसन हे कलेक्टर आणि टी. आर. बेल हे जंगल खात्यातले अधिकारी. हे तिघे मोठ्या हुद्द्याचे पुरुष काय करायचे, तर सुरवंट पाळायचे. तोवर फुलपाखरं पकडून टाचण्या टोचून ठेवणारे पुष्कळ होते. पण कुठल्या अळीचं कुठलं फुलपाखरू होतं, ती कुठल्या झाडाची पानं खाते, कोष कसा करते हे बऱ्याच जातींच्या बाबतीत कुणी नोंदवलंच नव्हतं. रानातून पानासकट अळी आणायची, तेच ताजं पान रोज द्यायचं, घाण काढायची, कोष झाला की वाट बघायची. बायांनो, हे काम कुणाचं वाटतं? लहान मूल नाही तर कोंबडीची पिल्लं वाढवणाऱ्या बाईचं! त्यांच्या नोंदी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आल्या आणि पश्चिम घाटातल्या फुलपाखरांचा अभ्यास करणारे अजूनही त्या उघडून बघतात.

हे आपल्यालाही जमतं बरं का. परसातल्या कढीलिंबावर नीट बघा. पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काळंपांढरं काही दिसेल. ती शीट नव्हे, अळी असते. तिला कुणी खाऊ नये म्हणून तो वेश. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि काडीने डिवचलंत तर डोक्यामागून दोन फाटे असलेलं शिंग बाहेर काढते, त्याला उग्र वास येतो. एका बरणीत कढीलिंबाची डहाळी आणि ती अळी ठेवा, तोंडाला फडकं बांधा, पान रोज बदला. कोष झाल्यावर साधारण दहा-बारा दिवसांत फुलपाखरू बाहेर येतं. पंख वाळेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. माझ्या भाचीने गेल्या पावसाळ्यात तीन सोडली. चौथी अळी आमच्या सासूबाईंनी डहाळीसकट आमटीत घालता घालता वाचली!

‘अ नॅचरलिस्ट ऑन द प्राउल’ हे १८९४ चं पुस्तक याच दिवसांतलं. त्यात तांबड्या मुंग्यांवर एक प्रकरण आहे. आपल्या आंब्याच्या झाडावर पानं चिकटवून घरं करणाऱ्या त्या ओंबील. आंबे उतरवताना अंगावर पडल्या की गड्याला झाडावरून उडी मारायला लावणाऱ्या. ह्या मुंग्या एकमेकींच्या कमरा धरून साखळी करतात, दोन पानांच्या कडा ओढून जवळ आणतात, आणि मग आपलीच पिल्लं, म्हणजे अळ्या, तोंडात धरून त्यांच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने ती पानं शिवतात. अक्षरशः धोटा चालवावा तशी.

आता ज्याच्यासाठी मी एटकेनसाहेबांवर थोडी रागावलेली आहे ते सांगते. १८८९ मध्ये त्यांचं ‘बिहाइंड द बंगलो’ आलं. बंगल्याच्या मागच्या अंगणातल्या माणसांवर. स्वयंपाकी, हमाल, धोबी, माळी, शिंपी, न्हावी आणि मुलांना सांभाळणारी आया. पुस्तक गमतीदार आहे, काही ठिकाणी मायाही आहे. पण मुंगीकडे बघताना हा माणूस गुडघे टेकून तिच्या उंचीला येतो, आणि धोब्याकडे बघताना मात्र खुर्चीतून उठत नाही. आयाबाई तर साहेबाच्या मुलांना कडेवर घेऊन वाढवणारी. एटकेन यांना दोन मुलगे आणि तीन मुली. साहेबांच्या घरात अशा आयांनी मुलं वाढवली, त्यांचं स्वतःचं मूल तेव्हा कुणाकडे असायचं, हे मी तरी त्या पुस्तकात शोधत राहिले. सत्तेच्या गादीवर बसलेल्या माणसाला कुंपणापलीकडची टोळी दिसते, मागच्या दारातलं माणूस अर्धंच दिसतं. तरीही ते पुस्तक वाचावं असंच मी म्हणेन, कारण त्या काळच्या घरकामाचा इतका बारीक तपशील दुसरीकडे सहज सापडायचा नाही.

माणसांच्या बाबतीत त्यांच्या हातून झालेलं सगळ्यांत खरं काम मात्र डासांमुळे झालं. गोव्याच्या सरहद्दीवरची मीठ-जकातीची नाकी म्हणजे रानातल्या झोपड्या. तिथे नेमणूक झाली की शिपायाला हिवताप ठरलेला. थंडी वाजून, पोटात पाणथरी वाढून माणसं मरत. हिवताप डासामुळे पसरतो हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादला दाखवून दिलं होतं. त्याआधी लोक दलदलीच्या वाईट हवेला दोष देत. १९०२ मध्ये सरकारने एटकेन यांना खास कामगिरीवर पाठवलं: नाक्यानाक्यावर जाऊन हिवताप किती आहे ते बघा, आणि शिपायांना डासांपासून लांब कसं नेता येईल ते सांगा. पन्नाशी गाठलेला माणूस. खाराघोड्याच्या व्हरांड्यात ज्या डासांवर त्यांनी विनोद केला होता, त्यांच्याच अळ्या शोधत आता ते ओढ्यांच्या काठी बसत होते. या फिरतीत त्यांना एक डास सापडला, तो शास्त्राला नवा निघाला. त्याचं नाव ठेवलं गेलं अ‍ॅनॉफिलिस एटकेनाय. गंमत अशी, की हा रानओढ्यातला डास हिवताप पसरवणाऱ्यांत मोडत नाही.

१९०३ मध्ये ते कराचीला मीठ-जकातीचे मुख्य कलेक्टर झाले, नंतर सिंध प्रांताचं गॅझेटियर लिहिण्याचं काम त्यांच्याकडे आलं. १९०६ च्या ऑगस्टमध्ये निवृत्त झाले आणि स्कॉटलंडला गेले. साताऱ्यात जन्मलेला, मुंबई-पुण्यात शिकलेला, कोकण-कारवारच्या पावसात भिजलेला माणूस एडिंबरोच्या थंडीत फार दिवस राहिला नाही. १९०९ च्या एप्रिलमध्ये ते गेले. वय अवघं सत्तावन्न.

पाच वर्षांनी, १९१४ मध्ये, त्यांचे इकडेतिकडे विखुरलेले लेख एकत्र करून ‘कन्सर्निंग अ‍ॅनिमल्स’ हे पुस्तक निघालं. त्यात प्राण्यांच्या पायांवर एक लेख आहे, शेपट्यांवर एक, नाकांवर, कानांवर. आपल्या नारळाच्या झाडावर एक आणि सुपारीवरही एक. शिकारीचा तो काळ. साहेब लोक वाघा-बिबट्यांवर पाय ठेवून फोटो काढून घेत आणि किती मारले त्याची पुस्तकं लिहीत. ह्या पुस्तकात बिबट्यावर एकच लेख आहे. त्याचं नाव मराठीत सांगायचं तर, ‘मी न मारलेला बिबट्या’.