जेम्स स्टार्ले : बागेतून यंत्रशाळेकडे

मोटारगाडी वळण घेते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. इंजिनाने फिरवलेली दोन्ही चाके एकाच आसाला घट्ट जोडलेली असती, तर प्रत्येक वळणावर एखादे चाक फरफटले असते. ही अडचण दूर करणाऱ्या यंत्राला डिफरन्शियल म्हणतात. रस्त्यावरच्या वाहनांत ते रूढ करण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्या जेम्स स्टार्ले यांनी कॉलेजची पायरीही चढलेली नव्हती.

स्टार्ले यांचा जन्म २१ एप्रिल १८३० रोजी इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात, ऑल्बोर्न गावी, एका शेतकऱ्याच्या घरी झाला. नवव्या वर्षीच शेतातली कामे अंगावर पडली. तेथे मन रमेना, म्हणून विशीच्या आतच त्यांनी घर सोडले. लंडनजवळच्या लुइशम येथे, जहाजांची इंजिने बनवणारे कारखानदार जॉन पेन यांच्या बागेत ते माळी म्हणून राहिले. दिवसा बागकाम आणि फावल्या वेळात घड्याळांची दुरुस्ती, असा त्यांचा क्रम होता. पुढे पेनबाईंचे शिवणयंत्र बिघडले. त्या काळी ही वस्तू दुर्मिळ आणि महाग होती, पण या माळ्याने ती दुरुस्त केली. पेन यांनी त्यांचा गुण ओळखला आणि शिवणयंत्रांच्या धंद्यातील जोसाया टर्नर यांच्याशी त्यांची गाठ घालून दिली. १८५९ मध्ये स्टार्ले लंडनच्या कारखान्यात लागले आणि १८६१ च्या सुमारास दोघे कॉव्हेंट्री शहरी आले.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. कॉव्हेंट्री हे रेशमी फितींचे शहर. १८६० च्या करारानुसार फ्रेंच मालावरील जकात उठली आणि तो धंदा कोसळला. कुशल हात रिकामे होते; त्यांना शिवणयंत्रांच्या या नव्या उद्योगाची जोड मिळाली. १८६८ च्या सुमारास टर्नर यांच्या पुतण्याने पॅरिसहून एक दुचाकी आणली आणि फ्रान्ससाठी तशा दुचाक्या बनवण्याचे काम कारखान्याला मिळाले. पण १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचे युद्ध पेटले, परदेशी बाजारपेठ बंद झाली आणि माल इंग्लंडातच खपवणे भाग पडले. त्याच वर्षी स्टार्ले व विल्यम हिलमन यांनी ताणलेल्या तारांच्या चाकांची ‘एरियल’ सायकल पुढे आणली. १८७४ मध्ये स्टार्ले यांनी या तारा तिरप्या बसवण्याची पद्धत काढली. आपल्या सायकलींच्या चाकांत ती आजही दिसते.

यानंतर ते अनेक चाकांच्या गाड्यांकडे वळले. दोघांनी शेजारी बसून चालवायच्या गाडीत प्रत्येकजण आपल्या बाजूचे चाक फिरवी. असे सांगतात, की एकदा ते मुलगा विल्यमसह अशा गाडीवर निघाले. तरुण मुलाचा जोर जास्त पडला, गाडी भरकटली आणि दोघे खाजऱ्या झुडपांत जाऊन पडले. दोन माणसांचे बळ सारखे करणे कोणाच्याही हाती नव्हते. तेव्हा दोघांचे बळ एकत्र करून ते दोन्ही चाकांना पोचवायचे, पण चाकांना आपापल्या गतीने फिरण्याची मोकळीक ठेवायची, हा मार्ग त्यांनी १८७७ मध्ये काढला.

यात दोन चाकांच्या आसांमध्ये छोटी दातेरी चाके बसवलेली असतात. सरळ रस्त्यावर ती स्वतःभोवती फिरत नाहीत. वळणावर ती फिरू लागतात, आणि आतले चाक जितके मंदावते तितकेच बाहेरचे वेग घेते. फ्रान्समध्ये पेकर यांनी त्याच्या कितीतरी आधीच वाफेच्या गाडीसाठी असे पेटंट घेतले होते, त्यामुळे कल्पनेचा पहिला मान त्यांचा. पण स्टार्ले यांनी ती हजारोंच्या वापरातल्या वाहनात आणली. १८८१ मध्ये व्हिक्टोरिया राणीने त्यांच्या दोन ‘साल्व्हो’ तिचाक्या मागवल्या. त्याच वर्षी १७ जून रोजी, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, ते वारले. १८८४ मध्ये कॉव्हेंट्रीत त्यांचे स्मारक उभे राहिले.

त्यांचे पुतणे जॉन केम्प स्टार्ले यांनी १८८५ मध्ये ‘रोव्हर’ सायकल काढली. पुढे कॉव्हेंट्री मोटारींचे शहर बनले आणि १९६१ मध्ये तेथेच जॅग्वारची ई-टाइप ही स्पोर्ट्स कार जन्मली. या गाडीत मागचे ब्रेक डिफरन्शियलला अगदी लागून आहेत. त्यामुळे ब्रेकच्या उष्णतेने ऑइल सील कडक होतात, तेल गळते आणि थेट ब्रेकच्या तबकड्यांवर जाते. मग गाडी वेळेवर थांबेल याचा भरवसा राहत नाही. म्हणून जुनी ई-टाइप जपणारे जाणकार मागचा सगळा सांगाडा खाली उतरवतात. तेल काढून त्यात धातूचा चुरा आहे का ते पाहतात, बेअरिंग आणि दातांमधली ढिलाई तपासतात आणि मगच नवे सील बसवतात. केवळ बाहेरून पुसून भागत नाही. बिघडलेले यंत्र उघडून मूळ कारण शोधण्याची हीच सवय एका माळ्याला पेनबाईंच्या शिवणयंत्रापासून डिफरन्शियलपर्यंत घेऊन गेली.