विश्लेषण : नांगर विकायला लागली दोन वर्षे, लक्ष्मणराव किर्लोस्करांकडून ग्राहकसेवेत काय शिकता येईल?

नवीन पनवेल : कॉल सेंटर, बँकेचा काउंटर, मॉल किंवा रुग्णालयाचा स्वागतकक्ष. नवी मुंबई परिसरात अशी नोकरी शोधणाऱ्याच्या कानावर सॉफ्ट स्किल्स हा शब्द पडतोच. हसून बोला, आवाज चढवू नका, इंग्रजी सुधारा, इतक्यावर बरेच प्रशिक्षण आटोपते. पण समोरच्याला तुमची वस्तूच नको असेल तर? शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न एका मराठी उद्योजकासमोर होता.

कोण होते लक्ष्मणराव?

जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईत जे. जे. कला शाळेत गेले, पण काही रंगांतला फरक त्यांना ओळखता येत नव्हता. मग ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. हक्काची बढती एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला मिळाली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली.

सायकलसोबत शिकवणीही

बेळगावात बंधू रामूअण्णांसोबत त्यांचे सायकलचे दुकान होते. सायकल तेव्हा नवलाची गोष्ट होती. ती चालवताच येत नसेल तर घेणार कोण? म्हणून दुकानातर्फे सायकल चालवायलाही शिकवले जाई. आज कंपन्या ज्याला ग्राहक प्रशिक्षण म्हणतात, ते हेच.

नांगर का विकला जात नव्हता?

पुढे त्यांनी कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनवले. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी भीती शेतकऱ्यांमध्ये होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. शेतकऱ्याच्या बाजूने पाहा : पीक गेले तर वर्ष गेले. त्याची शंका अडाणीपणाची नव्हती, जोखमीची होती. अशी भीती गोड बोलून जात नाही. त्यासाठी वेळ द्यावा लागतो आणि वस्तू खरी उतरावी लागते.

किर्लोस्करवाडी कशी उभी राहिली?

बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळच्या ओसाड माळावर कारखाना आणि वसाहत सुरू झाली. तेथे अस्पृश्यता पाळण्यास बंदी होती. तुरुंगातून सुटलेल्यांना पहारेकरी म्हणून कामावर घेतले गेले. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक काढले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले.

आज याचा उपयोग काय?

- ग्राहक नाही म्हणाला, तर आधी त्याचे कशात नुकसान होईल ते विचारा.
- वस्तू वापरायला शिकवणे हाही विक्रीचाच भाग आहे.
- नकार लगेच होकारात बदलत नाही.

एक फरक मात्र विसरू नये. लक्ष्मणराव मालक होते. काय विकायचे, किती थांबायचे हे तेच ठरवत. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याच्या हाती ठरलेली वाक्ये असतात, तक्रार सोडवण्याचा अधिकार बहुतेकदा नसतो. तो दिला नाही, तर प्रशिक्षणातून तो फक्त शिव्या शांतपणे ऐकायला शिकतो. म्हणून नोकरीच्या मुलाखतीत तुम्हीही एक प्रश्न विचारा : ग्राहकाचे म्हणणे बरोबर असेल, तर मला काय करता येईल?