सावित्रीमाईंनी पाठीवर घेतलेला भार

३ जानेवारीला आपण सावित्रीमाईंची जयंती उत्साहाने साजरी करतो. भिडेवाडा, अंगावर झेललेलं शेण, मुलींचं शिक्षण यावर भाषणं होतात. १० मार्चचा स्मृतिदिन मात्र बऱ्याच ठिकाणी हार घालून उरकला जातो. माई कशाने गेल्या, हे आपल्या वस्तीतल्या चार तरुणांना विचारून पाहा. म्हणून आज आम्ही त्यांच्या शेवटच्या कामाबद्दल लिहीत आहोत.

सातारा जिल्ह्यातल्या नायगावात १८३१ साली माईंचा जन्म झाला. १८४० मध्ये जोतिरावांशी लग्न झालं आणि १८४८ पासून त्या पुण्यात मुलींना शिकवू लागल्या. १८६३ मध्ये फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. काशीबाई या विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तोच यशवंत. त्याला शिकवून डॉक्टर केलं. १८९० मध्ये जोतिराव गेल्यावर माईंनी सत्यशोधक समाजाची धुरा वाहिली. १८९३ च्या सासवडच्या अधिवेशनाच्या त्या अध्यक्ष होत्या.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आला आणि काही महिन्यांत पुण्यात पोहोचला. साथ गरिबाच्या घरात शिरली की माणूस तर जायचाच, मागे राहिलेलं घरही मोडायचं. कमावता हात आजारी पडला की मजुरी बंद. सामान जाळलं जायचं, घरच्यांना वेगळं काढलं जायचं, शेजारी तोंड फिरवायचे. दवाखान्याची धास्ती इतकी होती, की ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. लोक आजारी माणूस लपवून ठेवू लागले. पुढे मुंबईत पैसेवाल्या जातींनी आपापली प्लेगची रुग्णालयं उभारली. ज्यांच्या जातीत धनिक नव्हते, त्यांनी कुठे जायचं?

माईंनी या प्रश्नाला कामातून उत्तर दिलं. लष्करात डॉक्टर असलेल्या यशवंताला त्यांनी बोलावून घेतलं. १८९७ च्या सुरुवातीला पुण्याबाहेर हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. तिथे जात विचारली जात नव्हती. माई स्वतः वस्त्यांमध्ये जाऊन रुग्ण आणायच्या. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा प्लेगने आजारी असल्याचं कळलं, तेव्हा त्यांनी त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणलं. ज्याची सावलीही टाळली जायची, त्या घरातला मुलगा, तोही प्लेगचा, सहासष्ट वर्षांच्या बाईने पाठीवर घेतला. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचं निधन झालं. लष्कराच्या कुप्रसिद्ध घरझडत्या पुण्यात त्यानंतर काही दिवसांनी सुरू झाल्या. सरकार धाकाने रुग्ण शोधायला निघालं, त्याआधीच माई मायेने रुग्ण शोधत होत्या.

आज महाराष्ट्रात जोतिरावांच्याच नावाची जन आरोग्य योजना आहे. कुष्ठरोगाची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. तरीही कुष्ठरोग, हत्तीरोग, सर्पदंश हे दुर्लक्षित आजार मुख्यतः गरिबाच्याच वाट्याला येतात. औषध फुकट मिळालं तरी बुडालेली मजुरी, तालुक्याला जायचं एसटीचं भाडं, सोबत राहणाऱ्याचं जेवण आणि त्यासाठी सावकाराकडून घेतलेले पैसे कुठल्याच बिलात दिसत नाहीत. आजारी आईजवळ बसायला शाळा सोडावी लागते, ती बहुतेक मुलीलाच. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण ठरवणारी तरतूद कायद्यातून २०१९ मध्ये निघाली, पण लोकांच्या मनातून अजून निघालेली नाही.

आम्हाला वाटतं, जयंतीच्या वर्गणीतला थोडा वाटा प्रत्येक विहाराने रुग्णनिधीसाठी बाजूला काढावा. दोन तरुणांनी योजनेची कागदपत्रं, रेशनकार्ड, रुग्णालयातला आरोग्यमित्र यांची माहिती ठेवावी. आजारी माणसासोबत कोणीतरी दवाखान्यात जावं आणि तो परत आल्यावर त्याच्या घरी चहा प्यावा. आजारी भिक्खूची शुश्रूषा स्वतः तथागतांनी केली होती, हे आपण धम्मात शिकतोच. माईंनी तेच हडपसरच्या मळ्यात करून दाखवलं. येत्या १० मार्चला हार घालाच, पण त्याआधी वस्तीतल्या एका आजारी घराचं दार वाजवा.

जय भीम, जय सावित्री!