एका गोलची शिक्षा तब्बल 50 वर्षं भोगलेला गोलकीपर

16 जुलै 1950. रिओचं माराकाना स्टेडियम खच्चून भरलेलं. वर्ल्डकप जिंकायला ब्राझीलला उरुग्वेशी नुसती बरोबरी पुरे होती. आधीच्या दोन मॅचमध्ये त्यांनी स्वीडनला 7-1 आणि स्पेनला 6-1 असं धुतलेलं. त्यामुळे आपणच जिंकलो असं पब्लिकने धरूनच टाकलं होतं.

गोलपोस्टमध्ये उभा होता मोआसिर बार्बोसा. वास्को द गामा क्लबचा हा कृष्णवर्णीय कीपर तेव्हा ब्राझीलचा एक नंबरचा कीपर होता.

पहिला गोल ब्राझीलनेच केला. मग उरुग्वेच्या गिजियाने उजवीकडून पास दिला आणि स्कियाफिनोने बरोबरी साधली. 79 व्या मिनिटाला गिजिया पुन्हा तिथूनच घुसला. आताही तो पासच देणार, या अंदाजाने बार्बोसा जरा पुढे सरकला आणि गिजियाने बॉल थेट जवळच्या खांबालगत मारला. 2-1.

खरंतर त्या जागी बहुतेक कीपर तेच करतील. पण खापर फुटलं बार्बोसा, बिगोडे आणि जुवेनाल यांच्यावर. तिघेही कृष्णवर्णीय. एकच गोल करू शकलेले फॉरवर्ड मात्र सुटले. टीमची पांढरी जर्सीही अपशकुनी ठरली, पुढे पिवळी आली.

क्लबसाठी बार्बोसा त्यानंतरही बरीच वर्षं खेळला, पण तो डाग गेला नाही. 1993 साली तो ब्राझीलच्या सराव शिबिरात खेळाडूंना भेटायला गेला. अपशकुन नको म्हणून त्याला आत सोडलं नाही. तेव्हा तो 72 वर्षांचा होता.

एप्रिल 2000 मध्ये तो वारला.